घरात कामाला कोण कोण?

प्रश्न : आम्ही कडेगाव तालुक्यातले. तीन एकर रान आहे, त्यात ऊस आणि थोडं सोयाबीन. गोठ्यात दोन म्हशी. मध्यंतरी टॅब घेऊन दोघे सरकारी सर्वेक्षक आले. घरात कोण काय करतं, गेल्या आठवड्यात किती तास काम केलं, पैसे किती मिळाले, असं बराच वेळ विचारत होते. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, वडील शेती बघतात. आईचं विचारल्यावर वडील म्हणाले, "ती घरीच असते." माझी बायको शेजारच्या रानात पैऱ्यावर भांगलणीला जाते. धाकटा भाऊ बी. कॉम. होऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. पण सकाळी डेअरीत दूध घालून येतो म्हटल्यावर त्याला बेरोजगार धरलंच नाही! तो चिडून म्हणाला, "किटली उचलली म्हणून मी कामाला लागलो का?" गावात एवढी पोरं रिकामी असताना देशात बेरोजगारी तीन टक्के, हे गणित कसं बसतं? आणि गावातली बाराच घरं विचारून मजुरीचा आकडा कसा काढतात?
— एक वाचक, कडेगाव (जि. सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात एकाच्या पोटात दुसरा असे बरेच प्रश्न आहेत. आधी धाकट्या भावाचं कोडं घेऊ, कारण बाकीच्या बऱ्याच गाठी तिथूनच सुटतात.

वर्णनावरून तुमच्याकडे आलं ते राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण असणार. वर्तमानपत्रात ते 'पीएलएफएस' या नावानं येतं. ते एप्रिल २०१७ पासून सुरू आहे. त्याआधी रोजगाराची मोठी पाहणी साधारण पाच वर्षांतून एकदा व्हायची. पहिली १९७२-७३ ची आणि शेवटची २०११-१२ ची. या सगळ्याचं मूळ १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आहे. ओसरीवर बसून 'घरात माणसं किती, कोण काय करतं' हे विचारणारी माणसं तुमच्या आजोबांच्या काळातही हिंडत होती, फक्त त्यांच्या हातात टॅबऐवजी कागद असायचे.

आता भावाकडे येऊ. आपण एखाद्याला 'कामाला आहे' म्हणतो तेव्हा पगार, ठरलेली जागा, ठरलेली वेळ एवढं तरी मनात धरतो. सर्वेक्षणाची व्याख्या याहून खूपच सैल आहे आणि तिची मापंही दोन आहेत. पहिलं माप आठवड्याचं. गेल्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलं असेल, तर तो माणूस त्या आठवड्यापुरता रोजगारात. घरच्या म्हशींचं दूध डेअरीत पोचवणं हे घरच्या धंद्यातलं काम आहे. त्यामुळे या मापानं तुमचा भाऊ 'घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस' ठरतो.

दुसरं माप वर्षाचं. मागच्या ३६५ दिवसांतला जास्तीत जास्त काळ माणसानं कशात घालवला, ते आधी पाहतात. ही झाली त्याची मुख्य स्थिती. भाऊ एखाद्या वर्गात नाव घालून शिकत असेल तर तो विद्यार्थी, म्हणजे श्रमबलाच्या बाहेर. घरीच अभ्यास करत असेल आणि काम शोधत असेल, किंवा मिळालं तर करायला तयार असेल, तर तो बेरोजगार. गोष्ट इथंच थांबत नाही. मुख्य स्थितीशिवाय वर्षात एकूण ३० दिवस किंवा त्याहून जास्त काही काम केलं का, हेही विचारतात. दूध घालणं, उसाला पाणी पाजणं, सोयाबीनची मळणी असं सगळं धरलं की ३० दिवस सहज भरतात. ही त्याची दुय्यम स्थिती. वार्षिक अहवालातला जो आकडा मथळ्यात येतो तो मुख्य आणि दुय्यम दोन्ही मिळून असतो. म्हणून मुख्य स्थितीत बेरोजगार असलेला तुमचा भाऊ बेरीज करताना कामकऱ्यांच्या ओळीत जाऊन बसतो.

एका तासाला काम म्हणायचं, ही कुणा दिल्लीच्या अधिकाऱ्याची लबाडी असावी असा समज सर्रास आढळतो. तसं नाही. हा निकष आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ सालच्या ठरावातला आहे आणि बहुतेक देश तो पाळतात. त्यामागचा हिशेब असा : देशात जे काही पिकलं, बनलं, विकलं गेलं ते राष्ट्रीय उत्पन्नात मोजलं जातं. मग ते बनवायला लागलेली मेहनत, ती तासाभराची का असेना, श्रमाच्या खात्यावर दिसायला हवी. नाहीतर दूध खात्यावर दिसेल आणि ते घालणारा दिसणार नाही.

मात्र तुमच्या भावाची तक्रार बिनबुडाची आहे असंही मी म्हणणार नाही. हा निकष काम आहे की नाही एवढंच सांगतो. पुरेसं आहे का, हे सांगत नाही. ते कळावं म्हणून सातही दिवसांचे तास वेगवेगळे लिहून घेतात आणि 'आणखी काम मिळालं असतं तर किती तास केलं असतं' हेही विचारतात. भावाच्या मनातली चीड नोंदवायचा रकाना तिथं आहे. वर्तमानपत्रं त्या तक्त्यापर्यंत सहसा पोचत नाहीत, हा भाग वेगळा.

आता तुमच्या आईंविषयी. सर्वेक्षणाचा सगळ्यात नाजूक सांधा इथं आहे. घरी खाण्यासाठी धान्य, भाजी, दूध पिकवणं किंवा काढणं हे काम धरलं जातं, विकलं नाही तरीही. पण त्याच दुधाचं घरच्यापुरतं तूप कढवलं, तर ते घरकाम. बांधावरची वैरण फुकट गोळा करून आणली, सरपण आणलं, तर तेही कामात मोजत नाहीत. त्यासाठी 'घरकामाबरोबर अशी गोळाबेरीज करणाऱ्या' असा वेगळा सांकेतिक क्रमांक आहे. म्हणजे सकाळी धार काढताना तुमच्या आई कामकरी असतात, दहा वाजता विळा घेऊन बांधावर गेल्या की नसतात आणि संध्याकाळच्या धारेला पुन्हा होतात. शास्त्राच्या दृष्टीनं हे सगळं रीतसर आहे. तरी ऐकताना हसू येतंच.

वडिलांनी 'ती घरीच असते' म्हटलं आणि सर्वेक्षकानं पुढं काही विचारलं नाही, तर आईंपुढं 'घरकाम' असा शेरा पडतो. त्यानं 'धार कोण काढतं, शेण कोण भरतं, डेअरीचं कार्ड कुणाच्या नावावर आहे' असं खोदून विचारलं, तर त्याच आई कामकरी ठरतात. देशातल्या १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमबलात असलेल्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. सहा वर्षांत एवढी उडी कशी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. बायका खरोखरच शेतीत आणि छोट्या धंद्यांत जास्त आल्या, असं काही म्हणतात. आधीपासून चाललेलं काम आता नीट विचारलं जातंय, असं काही म्हणतात. मला दोन्हींत तथ्य दिसतं. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे : कामात मोजल्या गेलेल्या या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बिनपगारी मदतनीस आहेत. काम वाढलं असं म्हणताना हातात पैसे आले असं धरून चालता येत नाही.

तुमच्या पत्नींचा पैरा मात्र सरळ आहे. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, पैशाचा व्यवहार नाही. ही देवघेव सर्वेक्षणात स्वयंरोजगार म्हणून जाते, मजुरी म्हणून नाही. त्याच बाईनं त्याच रानात रोजानं भांगलण केली तर ती नैमित्तिक मजूर.

आता तीन टक्क्यांचं गणित. पहिला गैरसमज असा की हे तीन टक्के एकूण लोकसंख्येतले. तसं नाही. बेरोजगारीचा दर काढताना भाजक असतो श्रमबल, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच. २०२३-२४ चे आकडे घ्या. १५ वर्षांवरील शंभर माणसांत ६०.१ श्रमबलात, त्यांतले ५८.२ कामात. उरले १.९. या १.९ ला ६०.१ नं भागलं की ३.२ टक्के. विद्यार्थी, फक्त घरकाम करणाऱ्या बायका, म्हातारे आणि शोधून कंटाळून शोधणंच सोडलेले, हे सगळे या हिशेबात वरही नाहीत आणि खालीही नाहीत.

दुसरा गैरसमज असा की रोजगार विनिमय केंद्रातल्या नोंदी म्हणजे बेरोजगारांची संख्या. तिथं नाव घालून नंतर नोकरीला लागलेला माणूस नाव काढायला क्वचितच जातो, आणि मुळात नाव न घातलेले तर असंख्य. दोन्ही बाजूंनी गळका असा तो आकडा आहे.

तरीही तीन टक्के ऐकून गावातला माणूस हसतो, त्याचं खरं कारण व्याख्येपेक्षा खोल आहे. बेरोजगार राहायला घरात कुणाचा तरी आधार लागतो. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल आजच्या रोजावर पेटते, तो बेकार बसू शकत नाही. मिळेल ते, मिळेल त्या भावात करतो आणि म्हणून रोजगारात मोजला जातो. बेकार राहणं परवडतं ते शिकलेल्या, बापाचं थोडंफार रान असलेल्या पोराला. म्हणून २०२३-२४ मध्ये एकूण दर ३.२ टक्के असताना १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के होता. तुमच्या पारावर दिसणारी पोरं या दुसऱ्या आकड्यातली. आपल्यासारख्या देशात बेरोजगारीचा एकच आकडा काढून उपयोग नाही, हे प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं १९७० सालीच सांगितलं होतं. शेतकरी, मजूर, पगारदार, घरच्या धंद्यात राबणारे, या सगळ्यांना एका फूटपट्टीनं मोजता येत नाही, असं तिचं म्हणणं. वर्षाचं आणि आठवड्याचं, अशी वेगवेगळी मापं आली ती त्यातूनच.

माप बदललं की चित्र किती बदलतं, याचा दाखला २०२० च्या टाळेबंदीनं दिला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरांतली बेरोजगारी, आठवड्याच्या मापानं, सुमारे २१ टक्क्यांवर गेली. पण जुलै २०१९ ते जून २०२० या संपूर्ण वर्षाचा दर वर्षाच्या मापानं ४.८ टक्के आला, म्हणजे आदल्या वर्षीच्या ५.८ टक्क्यांपेक्षा चक्क कमी! यात कुणी आकडे फिरवले नाहीत. वर्षाचं माप विचारतं, बहुतेक काळ काय केलंत. आणि ज्यांना त्या वर्षातले शेवटचे तीनच महिने टाळेबंदीचे लागले, त्यांनी बहुतेक काळ काम केलेलंच होतं. शिवाय कामं सुटून गावाकडं आलेली माणसं घरच्या शेतीला लागली आणि 'मदतनीस' म्हणून पुन्हा रोजगारात मोजली गेली. म्हणून बातमीत आकडा दिसला की तो कोणत्या मापाचा, हे आधी पाहावं. आता महिन्याला जे आकडे येतात ते आठवड्याच्या मापाचे असतात. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक आकडा ५.१ टक्के होता. तो ३.२ शेजारी ठेवून 'बेरोजगारी भडकली' म्हणणं चूक आहे.

बारा घरांची शंका रास्त आहे आणि बहुतेकांना ती येतेच. तुम्ही माती परीक्षणाला माती दिली असेल. सगळं रान खणून प्रयोगशाळेत नेत नाही. नागमोडी चालत ठरावीक अंतरावर खड्डे घेता, बांधाजवळची, झाडाखालची आणि शेणखताच्या ढिगाजवळची माती टाळता, सगळी मिसळून त्यातली अर्धा किलो पाठवता. नमुना खरा ठरतो तो वजनामुळे नव्हे, घेण्याच्या पद्धतीमुळे. इथंही सर्वेक्षकाला आपल्या मर्जीनं रस्त्याकडेचं, चहा देणारं घर निवडता येत नाही. आधी गावांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेनं होते, मग निवडलेल्या गावातल्या घरांची यादी करून गट पाडतात आणि प्रत्येक गटातून घरं पुन्हा यदृच्छेनंच उचलतात. पूर्वी एका गावात आठ घरं घेत. जानेवारी २०२५ पासून बारा घेतात. देशभरात अशी गावं आणि शहरी विभाग मिळून २२,६९२, म्हणजे वर्षाला सुमारे पावणेतीन लाख घरं.

निवडलेल्या प्रत्येक घराला एक गुणक मिळतो. समजा एखाद्या गटात ३०० घरं होती आणि त्यांतली सहा निवडली, तर त्यातलं एकेक घर ५० घरांच्या वतीनं बोलतं. आणि ते गावही एकटं नसून, न निवडलेल्या कित्येक गावांच्या वतीनं उभं असतं. दोन गुणक मिळून तुमचं घर काही हजार घरांचं प्रतिनिधी होऊ शकतं. दारिद्र्यावरचा १९७१ चा गाजलेला अभ्यास पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी उभा केला, तोही राष्ट्रीय नमुना पाहणीनं अशाच निवडक घरांतून गोळा केलेल्या घरखर्चाच्या आकड्यांवर. जाता जाता : नव्या पद्धतीत एकाच घराला लागोपाठ चार महिने भेट देतात. तेव्हा ती माणसं पुन्हा आली तर दचकू नका. पुढच्या तीन वेळा प्रश्न थोडे असतात.

आता मजुरी. माझ्या मते या सर्वेक्षणातला सगळ्यात कसदार आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग हाच. खेड्यापाड्यात बेरोजगारीचा दर फारसं बोलत नाही. बोलते ती मिळकत. ती तीन प्रकारच्या माणसांना तीन तऱ्हांनी विचारतात. तुमच्यासारख्या पगारदाराला मागच्या महिन्याचा पगार. रोजानं जाणाऱ्याला गेल्या सात दिवसांतल्या प्रत्येक दिवसाची मजुरी. आणि तुमच्या वडिलांसारख्या स्वयंरोजगारवाल्याला मागच्या ३० दिवसांत खर्च वजा जाता काय पडलं ते. २०१७ पूर्वीच्या पंचवार्षिक पाहण्यांत हा शेवटचा प्रश्न नव्हताच, आणि देशातल्या कामकऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त, २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के, स्वयंरोजगारवाले आहेत.

पण उसाच्या शेतकऱ्याला '३० दिवसांत काय मिळालं' हा प्रश्न म्हणजे गंमतच आहे. आडसाली ऊस रानात जवळपास दीड वर्ष उभा राहतो. बिल येतं कारखान्याला ऊस गेल्यावर. कायद्यानं १४ दिवसांत यायला हवं, प्रत्यक्षात हप्त्यांनी येतं. सर्वेक्षक बिल जमा झालेल्या महिन्यात आला तर तुमचे वडील तालेवार. इतर महिन्यांत आला तर डेअरीच्या पगारावर जगणारे. हजारो शेतकरी आणि वर्षाचे बारा महिने धरले की हे चढउतार बरेचसे एकमेकांना मिटवतात. मात्र थोड्या घरांवरून किंवा एकाच तिमाहीवरून शेतकऱ्याची मिळकत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मजुरीची सरासरी वाचतानाही सावध राहावं लागतं. जुलै ते सप्टेंबर २०१७ मध्ये नैमित्तिक मजुराची सरासरी रोजची मिळकत २९४ रुपये होती, एप्रिल ते जून २०२४ मध्ये ४३३ रुपये. पगारदाराची महिन्याची सरासरी १६,५३८ वरून २१,१०३ रुपयांवर गेली. मजुराची वाढ सुमारे ४७ टक्के, पगारदाराची सुमारे २८. ऐकायला दोन्ही छान. पण याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक साधारण ४० टक्क्यांनी चढला. तो वजा केला की मजुराच्या पदरात खरी वाढ थोडीशीच उरते आणि पगारदार उलट मागं सरकलेला दिसतो. पतसंस्थेत बसून हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या ४३३ रुपयांत रोजगार हमीची मजुरी धरलेली नाही. सरकारी कामांवरच्या मजुरांचा क्रमांकच वेगळा आहे. ज्या योजनेतून ही कामं पुढं देशभर गेली, तिचे जनक वि. स. पागे तुमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, हे तुमच्याकडच्या नव्या पिढीला अनेकदा ठाऊक नसतं.

सरासरीची दुसरी खोच अशी. समजा दहा मजुरांतल्या सर्वांत कमी मजुरीच्या चौघांचं कामच सुटलं. उरलेल्या सहांची मजुरी एक रुपयानंही वाढली नाही, तरी सरासरी वर जाते. संकटाच्या काळात 'मजुरी वाढली' असं दिसलं की आधी काम करणाऱ्यांची संख्या पाहावी. आणखी एक : बिनपगारी मदतनिसांची मिळकत शून्य असल्यानं त्यांना मजुरीच्या सरासरीत घेत नाहीत. ते योग्यच आहे, पण 'बाई सरासरी एवढं कमावते' या वाक्यातली बाई तुमच्या आई नव्हेत, हे लक्षात ठेवावं लागतं. बायकांचा रोज आणि गड्यांचा रोज यांची तुलनाही तासांशिवाय करू नये. तुमच्याकडे बऱ्याच ठिकाणी बायका घरचं उरकून उशिरा रानात जातात आणि दिवस कलता परततात. ताशी दर काढला की फरकाचा काही भाग तासांतला निघतो. सगळा मात्र निघत नाही, आणि उरलेल्यात भेदभावही असतो. उक्तं काम घेतलं असेल तर तेही लिहिणाऱ्यानं दिवसांवर नीट फोडावं लागतं.

खरी पंचाईत होते ती ऊसतोडीची. हंगामात वांगीच्या सोनहिरा कारखान्याच्या भागात बीडकडच्या, जतकडच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. मजुरी ठरते टनावर, मिळते 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, आणि बरीचशी आधीच उचल म्हणून खर्चूनही झालेली असते. सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र ओळ एकेका माणसाची आणि रकाना एकेका दिवसाचा. जोडीची मजुरी दोघांत कशी वाटायची? सगळी नवऱ्याच्या ओळीत लिहिली तर बायको फुकट राबणारी ठरते; अर्धी अर्धी लिहिली तर हिशेब न्यायाचा होतो, पण ती अर्धी तिच्या हातात कधी येत नाही. त्यात ही माणसं मोजायची कुठं, हा आणखी एक पेच. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर गेलेला माणूस आपल्या मूळ घरचाच धरतात. म्हणजे तोडकरी मोजला जायचा तो बीडमध्ये. पण हंगामात त्या घराला कुलूप असेल, तर सर्वेक्षकाला त्याऐवजी दुसरं घर घ्यावं लागतं. अशा वेळी तोडकरी ना इथं सापडतो ना तिथं. ऊसतोडीच्या मजुरीबद्दल या सर्वेक्षणावरून कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

हाच नियम तुमच्या भागातल्या गलाई व्यावसायिकांना उलटा लागू पडतो. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या पट्ट्यातली किती तरी घरं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत. यात्रेला, लग्नाला गावी येणारा, गावात बंगला बांधलेला माणूस वर्षातला बहुतेक काळ तिकडं राहत असेल, तर तो तिकडच्या शहरात मोजला जातो. गावात दिसणारा पैसा आणि सर्वेक्षणात दिसणारी गावाची मिळकत यांचा मेळ बसत नाही, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण भीती. मिळकत खरी सांगितली तर रेशन कार्ड बदलेल, 'लाडकी बहीण'चे पैसे बंद होतील, आयकरवाले येतील, म्हणून लोक आकडा खाली ओढून सांगतात. ही भीती निराधार आहे. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार अशी व्यक्तिगत माहिती सांख्यिकीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. अभ्यासकांना जी माहिती मिळते तिच्यातून नाव आणि पत्ता काढून टाकलेला असतो.

आणि ही माहिती मिळते, तीही फुकट. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की एकेका माणसाची एकेक ओळ असलेल्या मोठ्या फायली उतरवून घेता येतात : वय, शिक्षण, कामाचा क्रमांक, तास, मिळकत. तुमचा भाऊ बी. कॉम. आहे, स्पर्धा परीक्षेत अर्थशास्त्राचे प्रश्न येतातच, तेव्हा त्यानं हात घालायला हरकत नाही. नवशिक्या माणसाची पहिली चूक म्हणजे गुणकाचा रकाना विसरून साधी सरासरी काढणं. तसं केलं तर तुमच्या बारा घरांचं आणि मुंबईतल्या बारा घरांचं वजन सारखंच पडतं, जे खरं नाही. दुसरी चूक म्हणजे यावरून माणसांची एकूण संख्या काढायला जाणं. गावांची निवड अजून २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून होते, त्यामुळे लोकसंख्येची बेरीज कमी भरते. प्रमाणं वापरावीत, टक्के वापरावेत; लाखांत, कोटींत बोलायचं असेल तर लोकसंख्येचा अंदाज दुसरीकडून घ्यावा.

पण कडेगाव तालुक्यातली मजुरी यातून काढता येईल का? नाही. फायलीत राज्य असतं, ग्रामीण की शहरी हे असतं, जिल्ह्याचा क्रमांक असतो. तालुका शोधून उपयोग नाही. जानेवारी २०२५ पासून नमुना जिल्हावार पाडतात, त्यामुळे सांगली जिल्ह्याबद्दल काही बोलणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. तरी जिल्ह्यात नमुन्याला आलेले भांगलणीचे मजूर किती, हे आधी मोजावं. ते पंचवीस-तीसच निघाले तर त्यांच्या सरासरीला फार मान देऊ नये. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यावर तुमच्याकडे ऊस वाढला, भांगलणीला आणि लागणीला माणूस मिळेनासा झाला, रोज चढला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. ते या सर्वेक्षणात तालुक्याच्या नावानं कुठंच सापडणार नाही. त्यासाठी कुणीतरी कडेगावातच घरोघर जाऊन, हंगामाच्या आधी आणि हंगामात असं दोनदा, वेगळं विचारावं लागेल.